आधी बटण, मग ॲप: घरातल्या सगळ्यांना जमतील असे स्मार्ट दिवे कसे निवडावेत

दोन दिवाळ्यांपूर्वी ऑनलाइन सेल लागला तेव्हा मी मागचापुढचा विचार न करता सहा रंगीत स्मार्ट बल्ब मागवले. खोकं आलं, फोडलं, आणि बल्ब हातात घेऊन घरभर फिरल्यावर कळलं की आमच्या घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेत बल्बचे होल्डर मोजून दोनच आहेत. एक बाथरूममध्ये, एक देवघराच्या वर. बाकी खोल्यांत एलईडी ट्यूबच्या पट्ट्या आणि हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये गोल पॅनेल. चार बल्ब शोकेसच्या खणात गेले. देवघरावर जो लावला, त्याचं बटण आई रोज रात्री निजताना न चुकता बंद करायची आणि मी सकाळी फोनवर ‘डिव्हाइस ऑफलाइन’ वाचत बसायचो.

तिचं काही चुकत नव्हतं. दिवा मालवायचा तर बटण दाबायचं, हे ती जन्मभर करत आली आहे. खोक्यावर ‘कंपॅटिबल’ असं ठसठशीत छापलं होतं, पण ते अलेक्सा आणि गूगलपुरतं. छतातली फिटिंग, भिंतीतला बोर्ड आणि त्या बोर्डापाशी उभी राहणारी माणसं यांच्याशी बल्ब जुळतो का, हे कुठल्याच खोक्यावर लिहीत नाहीत. म्हणून जाहिरातीचा क्रम उलटा करायचा. आधी फिटिंग, मग बटण, मग वायरिंग, मग वाय-फाय. ॲप सगळ्यात शेवटी.

वही घ्या आणि घरभर फिरा

एखाद्या रविवारी तासभर काढा. प्रत्येक दिव्यासमोर चार गोष्टी लिहा: फिटिंग कोणती, किती वॅटची, बटण कुठल्या बोर्डावर, आणि तो दिवा सगळ्यात जास्त वेळा कोण लावतं. चौथा रकाना लोक सोडून देतात. पुढचे निम्मे निर्णय त्याच्यावरच ठरतात.

आपल्याकडच्या साध्या होल्डरला दोन पिनांचा बी२२ बल्ब बसतो. तुर्भ्याच्या आयकियातून आणलेल्या टेबल लॅम्पला मात्र बहुधा आट्यांचा, म्हणजे ई२७ होल्डर निघतो, आणि छोट्या शोभेच्या लॅम्पला त्याहून बारीक ई१४. (हे आकडे म्हणजे बल्बच्या टोपीची मिलिमीटरमधली जाडी.) कन्व्हर्टर मिळतो, पण त्याने बल्ब इंचभर पुढे येतो आणि शेडच्या बाहेर डोकावतो. लॅम्प घेतला की होल्डर बघूनच बल्ब मागवा.

ट्यूबच्या पट्टीत बदलायला बल्ब नसतोच, पट्टी हाच दिवा. स्मार्ट पट्ट्या मिळतात, पण ट्यूब लागावी आणि बंद व्हावी एवढीच अपेक्षा असेल तर ती बदलण्यात अर्थ नाही. तिचं बटण स्मार्ट करावं.

पॅनेल दिव्याचं नीट बघा. त्याच्या वायरीला एक पांढरी डबी लोंबत असते, तो ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज पुरवणारा. त्यावर ‘डिमेबल’ असं लिहिलेलं नसेल तर दिवा मंद करण्याचा नाद सोडा. जबरदस्तीने डिमर जोडला तर दिवा लुकलुकतो, गुणगुणतो आणि ड्रायव्हर लवकर जातो. फक्त चालू-बंद हवं असेल तर कसलीच अडचण नाही.

फॉल्स सीलिंगच्या खाचेत लपवलेली एलईडी पट्टी असेल तर तुमचं नशीब चांगलं. तिथे पट्टी तशीच ठेवून फक्त कंट्रोलर, म्हणजे पट्टी चालवणारी डबी, बदलता येतो. दोन गोष्टी पाहायच्या. पट्टी १२ व्होल्टची की २४ ची, कारण १२ ची पट्टी २४ वर लावली तर ती गेलीच. आणि तारा किती: दोन असतील तर एकच रंग, तीन असतील तर बहुधा पिवळा-पांढरा, चार असतील तर आरजीबी (लाल-हिरवा-निळा), पाच असतील तर आरजीबीला जोडून पांढरा. कंट्रोलर त्याच जातीचा घ्यायचा.

काचेच्या बंद गोळ्यात स्मार्ट बल्ब कोंडू नका. आतली उष्णता त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला सोसत नाही, आणि फिटिंग धातूची असेल तर वाय-फायही अडतं. गॅलरीत पावसाचा सपका येतो तिथे, विशेषतः खाडीकडच्या खाऱ्या हवेत, आयपी६५ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारी, साधी फिटिंग लावावी आणि हुशारी घरातल्या बोर्डात ठेवावी.

आमच्या वहीत एकूण सतरा दिवे निघाले. त्यांतल्या बारांना बल्ब बदलून काहीही करता येण्याजोगं नव्हतं.

बटण कोणाच्या हातात आहे?

स्मार्ट बल्बला भिंतीवरचं बटण कायम चालू लागतं. बंद केलं की तो साधा बल्बही उरत नाही, मुका होतो. एकट्या माणसाच्या घरात हे चालून जातं. आजी, शाळेतली मुलं, सकाळी येणाऱ्या मावशी आणि शनिवारी मुक्कामाला येणारे आतेभाऊ असलेल्या घरात ते चालत नाही. बटणावर सेलोटेप लावून ‘बंद करू नये’ असं लिहिलेली घरं मी पाहिली आहेत. आमचंही त्यांतलं एक होतं.

मार्ग तीन आहेत.

पहिला, बटणाच्या मागे बसणारं मॉड्यूल. बोर्डाची पाटी काढून मागच्या पोकळीत एक छोटी डबी बसवतात, जुनं खटक्याचं बटण तिला जोडतात. बटण दाबलं तरी दिवा लागतो, फोनवरून सांगितलं तरी लागतो. इंटरनेट गेलं, वाय-फाय गेलं, तरी बटण चालूच. वरून पाहणाऱ्याला काही बदललेलं कळतही नाही. चार दिव्यांना एक मॉड्यूल पुरतं.

दुसरा, काचेची टच पाटी. दिसायला झकास. पण अंधारात चाचपून बटण सापडत नाही, स्वयंपाकघरातले ओले हात तिला कळत नाहीत, आणि बिघडली की खोलीची सगळी बटणं एकदम जातात. नव्या घराच्या इंटिरिअरवाल्यांचा तिच्यावर फार जीव. ज्या घरात साठीपुढचं कोणी आहे तिथे मी ती बसवणार नाही.

तिसरा, स्मार्ट बल्ब. हा टेबल लॅम्प, कोपऱ्यातला उभा लॅम्प, मुलांच्या खोलीतला रात्रीचा दिवा, अशा ठिकाणी, जिथे रंग किंवा मंद उजेड खरोखर हवा आहे आणि भिंतीवरच्या बटणाकडे कोणाचा हात जात नाही.

बहुतेक कुटुंबांसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: मुख्य दिव्यांना मॉड्यूल, दोन-तीन लॅम्पना बल्ब. दोन्ही एकाच दिव्यावर मात्र कधीच नको. स्मार्ट मॉड्यूलने वीज तोडली की पुढचा स्मार्ट बल्ब मुकाच होणार. जुन्या गोल डिमरवरही स्मार्ट बल्ब लावू नका. बल्बच्या आतलं सर्किट पूर्ण २३० व्होल्टसाठी बनवलेलं असतं.

भिंतीच्या आत काय आहे

हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. तरी काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक हवं, कारण पुष्कळ चांगल्या वायरमननी ही मॉड्यूल अजून फारशी हाताळलेली नाहीत.

पहिला प्रश्न न्यूट्रलचा. मॉड्यूलला स्वतः जागं राहायला वीज लागते, म्हणजे बोर्डात फेजबरोबर (वीज आणणारी तार) न्यूट्रलही (परतीची तार) हवा. आपल्याकडे बऱ्याच बोर्डांवर दिवा-पंख्याच्या बटणांशेजारी एक सॉकेट असतो, आणि सॉकेट आहे तिथे न्यूट्रल आलेला आहे. नुसती बटणं असलेला बोर्ड, म्हणजे पलंगाशेजारचा किंवा बाथरूमच्या दाराबाहेरचा, तिथे तो नसण्याची शक्यता जास्त. एमसीबी, म्हणजे त्या भागाची वीज तोडणारा खटका, पाडून, टेस्टरने खात्री करून, पाटी उघडून बघायला सांगा. मॉड्यूल मागवण्याच्या आधी.

न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलही असतात. ती दिव्यातूनच थोडा करंट सोडून स्वतःचं पोट भरतात. दिवा मोठा असेल तर चालतं. पाच-सात वॅटचा एलईडी असेल तर बंद असतानाही तो मिणमिणतो किंवा लुकलुकतो. मग दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावावा लागतो. जमतं, पण शक्य तर टाळावं.

आणि उसना न्यूट्रल कधीही नको. आमच्याकडे पहिल्या वायरमनने पॅसेजच्या बोर्डात न्यूट्रल मिळेना म्हणून शेजारच्या खोलीचा ओढला. आमच्या डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीत, दोन वेगवेगळे आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारे खटके) आहेत आणि त्या दोन खोल्या वेगवेगळ्यांखाली. पॅसेजचा दिवा लावला की खटकन अर्धं घर अंधारात. आरसीसीबीचं काम एवढंच, की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का ते पाहायचं. परतीची वाट दुसऱ्याच आरसीसीबीतून गेली तर त्याच्या दृष्टीने ती गळती. त्या वायरमनचं म्हणणं पडलं, “दादा, आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू.” त्याला चहा पाजून निरोप दिला. कोणी तुम्हाला आरसीसीबी काढायला सांगितलं तर तुम्हीही तेच करा.

दुसरा प्रश्न जागेचा. मॉड्यूल काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं आणि त्याच्यामागे तारांचा गुंता. भिंतीतला बॉक्स उथळ असेल तर पाटी बसत नाही. जुन्या वीटबांधकामाच्या इमारतीत, वाशी-नेरुळच्या जुन्या सेक्टरांत किंवा नौपाड्यात, भिंत थोडी फोडून खोल बॉक्स बसवता येतो. घोडबंदर किंवा खारघरकडच्या कित्येक नव्या टॉवरांत मात्र माइव्हान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती आहेत. तिथे छिन्नी लावायची नाही, सोसायटीही परवानगी देत नाही. अशा घरात खोली मोजूनच पातळ मॉड्यूल निवडायचं.

जुन्या घराचं दुसरंच दुखणं. तारा वीस-तीस वर्षांच्या, इन्सुलेशन कडक झालेलं, हात लावला की तडकतं. तिथे आधी वायरिंग, मग हौस.

टू-वे बटणं असतील, म्हणजे दाराशी एक आणि पलंगाशी एक, तर मॉड्यूल टू-वेला चालतं का हे माहितीपत्रकात शोधा. सगळी चालत नाहीत. पंख्याला साधं चालू-बंदचं मॉड्यूल चालेल, पण वेग बदलायचा तर पंख्यासाठीच बनवलेलं लागतं. दिव्याचा डिमर पंख्याला लावू नये. गीझर या भानगडीत आणूच नका. २००० वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. दिव्यांच्या मॉड्यूलचा तो घास नाही.

वाय-फाय, झिगबी, थ्रेड आणि मॅटर

इथे शब्दांचा गोंधळ फार होतो, म्हणून एक भेद आधी डोक्यात बसवा. वाय-फाय, झिगबी आणि थ्रेड हे रस्ते आहेत. मॅटर ही भाषा आहे, आणि ती वाय-फाय व थ्रेड या दोन रस्त्यांवरून बोलली जाते.

वाय-फायचे दिवे थेट राउटरला जोडतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. आपल्या बाजारातले बहुतेक स्मार्ट बल्ब याच जातीचे. प्रत्येक बल्ब राउटरवर एक जागा अडवतो, एवढंच. इंटरनेट कंपनीने फुकट दिलेला राउटर फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि वर पंचवीस दिवे असा भार पडला की दमतो.

झिगबीला एक हब, म्हणजे दिवे आणि राउटर यांना जोडणारा मधला डबा, लागतो. दिवे आपसात जाळं विणतात, एक दिवा दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवतो, त्यामुळे लांबच्या खोलीतही सिग्नल पोचतो. २०१२ साली आलेले फिलिप्स ह्यू याच जातीचे. पण जाळ्यातल्या बल्बचं बटण कोणी बंद केलं की जाळ्यालाही भोक पडतं. म्हणजे पुन्हा आई आणि बटण!

थ्रेडही जाळंच, फक्त त्याला घराच्या नेटवर्कशी जोडायला बॉर्डर राउटर लागतो. ॲपलच्या होमपॉड मिनीत किंवा गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या नेस्ट हबमध्ये तो आधीच असतो.

मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. झिगबी ज्या संघटनेचं, तिनेच नाव बदलून ॲमेझॉन, ॲपल, गूगल, सॅमसंग या सगळ्यांना एका भाषेवर आणलं. फायदा घरगुती आहे. मुलीचा आयफोन, आईचा अँड्रॉइड आणि हॉलमधला अलेक्साचा स्पीकर या तिघांनाही एकच दिवा एकाच वेळी जोडता येतो. हुकूम घरातल्या घरात फिरतो, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी फोनवरून दिवा लागतो. मर्यादाही आहेत. चालू-बंद, मंद-प्रखर आणि रंग हे मॅटरमधून नीट चालतं; ‘पार्टी’, ‘मेणबत्ती’ असले कंपनीचे खास खेळ बहुधा तिच्या स्वतःच्या ॲपमध्येच राहतात. आणि मॅटर चालवायला घरात एक कंट्रोलर, म्हणजे मॅटर समजणारा स्पीकर किंवा हब, असावा लागतो.

मग घ्यायचं काय? दहा-बारा दिव्यांच्या आत काम असेल तर मॅटर लिहिलेले वाय-फाय दिवे आणि मॉड्यूल. त्याहून जास्त असतील, किंवा काँक्रीटच्या भिंतींमुळे आतल्या खोलीत वाय-फाय पोचतच नसेल, तर झिगबी किंवा थ्रेड. एकाच घरात चार कंपन्यांची चार ॲप हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि सेलमध्ये खरेदी करणारे आपण सगळे न ठरवता तिथेच पोचतो.

राउटरशी आधी बोलून घ्या

‘बल्ब जोडलाच जात नाही’ या तक्रारीचं मूळ दहांतल्या आठ वेळा राउटरमध्ये सापडतं. (आकडा माझ्या शेजारपाजारचा, शास्त्रीय नव्हे.) जवळजवळ सगळे वाय-फाय बल्ब २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. फायबरचे नवे राउटर २.४ आणि ५ ही दोन्ही नेटवर्कं एकाच नावाखाली ठेवतात, फोन ५ वर असतो आणि जोडणी अडते. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या, दिवे जोडून घ्या. तरीही अडलं तर वाय-फायच्या पासवर्ड-सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ ठेवलाय का ते पाहा. बऱ्याच बल्बना डब्ल्यूपीए२ लागतो.

टॉवरमध्ये राहत असाल तर फोनवर शेजाऱ्यांच्या वाय-फायची यादी काढून बघा. आमच्या हॉलमध्ये बावीस नावं दिसतात. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यांतला कमी गर्दीचा निवडा.

सुरक्षेसाठी दिव्यांना गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर, टाकावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. कंपनीच्या क्लाउडवर चालणाऱ्या दिव्यांना तो ठीक आहे. मॅटरच्या दिव्यांना मात्र फोन आणि कंट्रोलर त्याच नेटवर्कवर हवे असतात. गेस्टवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी सोय राउटरने केलेली असते, मग जोडणी होत नाही आणि आपण बल्बला शिव्या देतो.

इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला, तर त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. सगळे दिवे आपोआप परत येतात. हे मला सांगायला कोणी नव्हतं. मी एक अख्खा शनिवार स्टुलावर चढून बल्ब पाच-पाच वेळा चालू-बंद करत काढला.

उजेड कसा हवा

वॅट पाहू नका, ल्युमेन (उजेडाचं माप) पाहा. नऊ वॅटचा चांगला एलईडी आठशे-नऊशे ल्युमेन देतो. रंगीत स्मार्ट बल्ब त्याच वॅटमध्ये पांढरा उजेड किती देतो ते खोक्यावर वाचा, आणि गडद निळा किंवा लाल लावल्यावर तो कितीतरी मंद होतो हेही धरून चाला. रंगीत बल्बवर अभ्यास होत नाही.

छटा केल्विनमध्ये मोजतात: २७०० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० पांढराफेक. आपल्या घरांत वर्षानुवर्षं ६५०० च्या ट्यूब. त्यामुळे पहिल्यांदा २७०० लावला की घरातलं कोणीतरी म्हणणारच, “किती अंधार केलाय!” स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० ते ६५०० ठेवा, बेडरूमला २७०० ते ३०००. हॉलमध्ये छटा बदलणारा दिवा पैसे वसूल करतो. एक कोटी साठ लाख रंग दिवाळीत दोन दिवस बघितले जातात, पिवळा-पांढरा रोज वापरात येतो. पैसे तिथे घाला.

वीजबिल कमी होईल या आशेवर मात्र बसू नका. स्मार्ट बल्ब बंद असतानाही वाय-फाय ऐकत जागा असतो. अर्धा वॅट धरला तर दहा बल्ब वर्षाला चव्वेचाळीस युनिट नुसते जागं राहण्यात खातात. चार दिव्यांना एक मॉड्यूल यातही बरं पडतं.

खरेदी: एक खोली, एक महिना

पूर्ण घराची ऑर्डर एकदम देऊ नका. घरात सगळ्यात जास्त वर्दळ असलेली एकच खोली निवडा, तिथे एक मॉड्यूल आणि एक बल्ब लावा, महिनाभर सगळ्यांना वापरू द्या. कोणी तक्रार केली नाही तर पुढची खोली.

खोक्यावर बघायचं ते असं. होल्डर बी२२ की ई२७. मॅटर हा शब्द आणि चिन्ह. ‘वर्क्स विथ’ची लांबलचक रांग म्हणजे मॅटर नव्हे. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) खूण, आयएस १६१०२ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, एलईडी बल्बना ही नोंदणी सक्तीची आहे. वॉरंटी किती आणि ती दुकान देणार की कंपनी. मुंबईत लोहार चाळीच्या वीजसामानाच्या बाजारात भाव चांगला पडतो, वायर आणि बॉक्स मी तिथूनच आणतो. पण बिल घ्या, आणि स्मार्ट माल बंद खोक्यातलाच घ्या: आधी कोणी जोडून परत केलेला बल्ब जुन्या मालकाच्या खात्याला चिकटलेला निघाला तर डोकेदुखी तुमची.

जोडताना आणि नंतर

खातं कोणाच्या तरी खासगी ईमेलवर नको. घराचा एक वेगळा ईमेल काढा, त्यावर खातं उघडा, बाकीच्यांना सदस्य म्हणून जोडा. नाहीतर मुलगा शिकायला पुण्याला गेला की घराचे दिवेही त्याच्याबरोबर जातात.

नावं साधी आणि एकमेकांपासून लांबची ठेवा. अलेक्साशी आपण हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतो, मराठी नावं तिच्या कानाला कधी लागतात, कधी नाही. ‘आजीची खोली’ तिला कळेना, ‘आजी रूम’ कळलं. ‘हॉल एक’, ‘हॉल दोन’ असली नावं महिन्याने तुमच्याही लक्षात राहत नाहीत.

पहिल्याच दिवशी बदलायचं सेटिंग म्हणजे वीज परत आल्यावर दिव्याने काय करायचं. १२ ऑक्टोबर २०२० सारखी, मुंबई-ठाणे-नवी मुंबईची वीज एकदम जाण्याची घटना विरळा. पण पावसाळ्यात मध्यरात्री मिनिटभर लाइन जाऊन येणं आपल्याला नवं नाही. बरेच बल्ब वीज आली की पूर्ण प्रखर पेटतात. रात्री तीन वाजता सगळी बेडरूम लखलखते आणि तान्हं मूल उठतं. ‘शेवटच्या स्थितीत राहा’ किंवा ‘बंद राहा’ हा पर्याय निवडा. ज्या बल्बमध्ये तो नाही, तो बेडरूमसाठी घेऊ नका.

ऑटोमेशन दोन-तीनच ठेवा. दिवेलागणीला पॅसेज आणि देवघर. वेळ घड्याळाची नको, ‘सूर्यास्त’ हा पर्याय निवडा. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमारास मावळतं, जुलैत सव्वासातनंतर. दुसरं, रात्री अकरा ते पाच पॅसेजमध्ये हालचाल झाली तर दहा टक्के पिवळा उजेड, दोन मिनिटं. घरात वयस्कर माणूस असेल तर हे एकच काम सगळ्या खर्चाच्या मोलाचं आहे. बाथरूममध्ये सेन्सर लावायचा मोह आवरा, किंवा वेळ पंधरा मिनिटं ठेवा. साधा सेन्सर हालचाल पाहतो, आणि माणूस तिथे नेहमी हालचाल करतोच असं नाही. तिसरं, आकाशकंदिलाला स्मार्ट प्लग, पण प्लग घराच्या आत. बाहेर फक्त वायर.

घर भाड्याचं असेल तर मॉड्यूलच्या वाटेला जाऊ नका. अकरा महिन्यांच्या करारात मालकाचे बोर्ड उघडणं परवडत नाही. बल्ब, प्लग आणि भिंतीवर चिकटवायचं बॅटरीचं बिनतारी बटण एवढ्यात काम भागवा, आणि जाताना सगळं काढून घ्या, मूळचे बल्ब परत लावा. घर विकताना उलटं: मॉड्यूल भिंतीतच राहणार, म्हणून ती आपल्या खात्यातून काढून रीसेट करून द्या.

आता शेवटचं काम, पाच मिनिटांचं. मॅटरच्या प्रत्येक वस्तूवर क्यूआर आणि अकरा आकडी कोड असतो. मॉड्यूल भिंतीत गेलं की तो दिसत नाही, बल्ब छताला गेला की वाचता येत नाही. बसवण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा. मग एका कागदावर कोणत्या बोर्डात काय बसवलंय, कोणाचा कोड कोणता, ॲप कोणतं आणि घराचा ईमेल काय ते लिहा (पासवर्ड लिहू नका), आणि तो डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आमच्या कागदावर आईने खाली पेनने एक ओळ वाढवली आहे: “देवघराचं बटण आता बंद केलं तरी चालतं.”